बाथटब कुठल्या अंकात आहे?

एखादं चांगलं नाटक बुडवायचं असेल तर एकच खात्रीचा उपाय आहे. ते मला आवडलं पाहिजे.

हे सत्य मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर मी स्वतःला नव्या मराठी नाटकांची बिनपगारी प्रचारक समजत होते. मुलुंड पूर्वेला आमची पाच मजल्यांची इमारत आहे. मागच्या अंगाला पाण्याच्या पंपाची खोली, शेजारी कडुनिंब आणि कडुनिंबाखाली समोरासमोर सिमेंटचे दोन बाक. रविवारी मी नाटक बघायचं आणि सोमवारी ऑफिसातून आले की त्या बाकांच्या मधे उभं राहून ते इमारतीला सांगायचं, असा वीसेक वर्षांचा रिवाज. सांगायचं म्हणजे करूनच दाखवायचं. नवरा मी, बायको मी, सासूही मीच. नाटकात दारावर कुरिअरवाला येणार असला तर मी आधी जाऊन पंपाच्या खोलीत उभी राहायचे आणि तिथून एंट्री घ्यायचे. मध्यंतराला कुणाच्या तरी घरून चहा यायचा. शेवटी टाळ्या पडायच्या. मी ओढणीने घाम पुसत म्हणायचे, "जा हं नक्की बघायला. चुकवू नका."

सगळे माना डोलवायचे आणि कुणीही जायचं नाही.

मला वाटायचं, लोक आळशी आहेत. टीव्ही आहे, मोबाईल आहे, शिवाय रविवार दुपारची झोप हे आमच्याकडे धर्मकृत्य आहे. नाट्यगृह स्टेशनच्या पलीकडे, रिक्षाने फार तर पंधरा मिनिटं. पण ती पंधरा मिनिटं म्हणजे काशीयात्रा असल्यासारखे लोक माझ्याकडे बघायचे. मी दर सोमवारी आणखी जोर लावायचे. जितका जोर मी लावायचे, तितकी तिकीटखिडकी ओस पडायची. हा संबंध मला दिसला नाही, कारण टाळ्यांचा आवाज मोठा होता.

आणि मी सांगायचे ती नवीच नाटकं. जुन्यांशी माझं भांडण नाही. पण आज जो माणूस नाटक लिहितोय, त्यालाही परवा लिफ्टच्या दुरुस्तीची नोटीस आली आहे. त्याच्याही आईचा मोतीबिंदू आणि भावाचा कॅनडाचा व्हिसा एकाच आठवड्यात आला आहे. असा माणूस लिहितो तेव्हा स्टेजवरच्या बाईच्या हातातली पिशवी आपल्याच नाक्यावरच्या दुकानातली असते. आपल्या घरात जे कुणी बोलत नाही, ते ती बाई शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. मला त्याची चटक लागली होती.

पहिल्या मजल्यावरच्या भाऊंना हे मुळीच मान्य नव्हतं. भाऊ पंचाहत्तरीचे, मूळचे मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत होते आणि गिरणीच्या चमूतून कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायचे. गिरणी गेली, मग एका शाळेत क्लार्क म्हणून निवृत्त झाले. पण नाटकाच्या खात्यातून ते अजून निवृत्त झालेले नाहीत.

"नव्या नाटकात असतं काय?" ते म्हणायचे. "दोन खुर्च्या आणि एक दुःख. आमच्या वेळी पडदा उघडला की नेपथ्यालाच टाळी पडायची."

त्यांचा दुसरा अभिमान वेगळाच होता. "उभ्या आयुष्यात नाटकाला माझा डोळा लागलेला नाही. लोक घोरायचे बाजूला. मी टक्क जागा."

त्यांच्या बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते. वहिनींनी मुंबईत पन्नास वर्षं काढली तरी मालवणी सोडलेली नाही. माझं नाटक सांगून झालं की त्या डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "आता कित्याक जाऊचा? तुया दाखवलंस मा सगळा!"

हे मी कौतुक समजून घ्यायचे.

माझे डोळे उघडले ते चौथ्या मजल्यावरच्या मुलीमुळे. ही मुलगी शाळेत असल्यापासून बाकावर पाय हलवत माझी नाटकं ऐकत आली. मोठी झाली, पवईच्या एका कंपनीत लागली आणि दोन वर्षांत ती नोकरी सोडून घाटकोपरच्या एका क्लासात गणित शिकवायला लागली. क्लास दुपारी सुरू होतो, म्हणजे सकाळ लिहायला मोकळी. आईवडिलांनी कपाळाला हात लावला. मी पेढे वाटले.

तिचं पहिलं नाटक वर्सोव्याच्या एका गल्लीतल्या ऐंशी खुर्च्यांच्या हॉलमध्ये लागलं. मी अर्थात गेले. हॉलच्या खिडक्या काळ्या कापडाने बंद केल्या होत्या, तरी कोळीवाड्यातल्या सुकत घातलेल्या बोंबलांचा वास आत यायचाच. आजी-आजोबांची जोडी आहे नाटकात. मुलाच्या घरी राहतात, घर लहान, माणसं फार. दोघांना आपापसात बोलायलाही जागा नाही. म्हणून ते दर रविवारी नव्या टॉवरचे सॅम्पल फ्लॅट बघायला जातात. गिऱ्हाईक म्हणून. थंडगार एसी, पाहुण्यांना चहा, आणि अर्धा तास स्वतःचं घर. मात्र सॅम्पल फ्लॅटमधला टीव्ही पुठ्ठ्याचा असतो, पुस्तकं आतून पोकळ असतात आणि नळांना पाणी नसतं.

एवढं जाहिरातीतही छापून आलं होतं, म्हणून सांगितलं. यापुढे मी तोंड उघडणार नाही. का, ते आता येईलच.

वर्सोव्याचे चार प्रयोग झाले आणि एके दिवशी ती पेढे घेऊन माझ्याकडे आली.

"काकू, निर्माता मिळाला. मोठ्या थिएटरात लागतंय."

मी तिला गरगर फिरवलं. ती हसत होती, पण निम्मीच.

"दोनच प्रयोग देतोय. शनिवारी बोरिवलीला, मग पुढच्या रविवारी दुपारी आपल्या मुलुंडला. दोन्हीपैकी एकाला तरी तळमजला अर्धा भरला, तर तिसरी तारीख घेणार. नाही भरला तर सेट मोडून लाकूड दुसऱ्या नाटकाला देणार. तसं तोंडावर सांगितलंय त्याने."

"एवढंच ना? अगं, या सोमवारी मी बाकावर असं काही सांगते..."

"तेच सांगायला आलेय," ती म्हणाली. "तू काही सांगू नकोस."

मला वाटलं ती गंमत करतेय.

"काकू, तू फार भारी सांगतेस. इतकं भारी की मग बघायला काही उरतच नाही. कॉलेज संपेपर्यंत मी त्या बाकावर बसून किती नाटकं बघितली असतील? थिएटरात जाऊन एकही नाही. पॉकेटमनी वाचला म्हणून खूश असायचे मी. आता माझं नाटक आलं, तेव्हा कळतंय आपण काय केलं."

मी आत गेले. नवरा पेपरामागे बसला होता. "ऐकलंस का? ही म्हणते, मी सांगते म्हणून लोक जात नाहीत. काहीतरीच ना?"

पेपर हलला नाही. "मी तरी कुठे येतो तुझ्याबरोबर? सोमवारी खाली बसलं की झालं."

घरचा भेदी!

बाहेर येऊन मी शपथ घेतली. तिने शब्द सांगितले, मी म्हटले: या नाटकातलं एकही वाक्य, एकही प्रसंग माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही. मुलगी गणिताची आहे, शपथेतसुद्धा फट ठेवली नाही. असं तिला वाटलं.

त्या सोमवारी मी बाकापाशी गेले आणि बसले. हो, बसले. लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

"काय गो, घसो बसलो तुजो?" वहिनींनी विचारलं.

"नाही वहिनी. आपल्या चौथ्या मजल्यावरच्या पोरीचं नाटक आहे. फार सुंदर आहे. बोरिवलीला आहे, मग मुलुंडला आहे. जाऊन बघा."

"बरं, मगे? काय होता त्यात?"

"आजी-आजोबा सॅम्पल फ्लॅट बघायला जातात."

"आणि?"

"आणि बघा जाऊन."

कडुनिंबावरचा कावळासुद्धा वाट बघत होता. मग भाऊंनी निकाल दिला. "म्हणजे सांगण्यासारखं काही नाही त्यात."

सगळ्यांना ते पटलं. मी वीस वर्षं ज्यांना कुरिअरवाल्यासकट नाटकं करून दाखवली, त्यांना मी गप्प बसले याचा एकच अर्थ लागला. नाटक पडेल आहे आणि पोरगी आपल्या इमारतीतली म्हणून मी सांभाळून घेतेय. एक जण तर खालच्या आवाजात म्हणाला, "होतं असं पहिल्या-पहिल्या नाटकात."

म्हणजे सांगितलं तरी नाटक बुडतं आणि नाही सांगितलं तरी बुडतं. दोन दिवस मी ऑफिसात पावत्यांवर उलटे शिक्के मारले. बुधवारी पुन्हा खाली गेले. भाऊ होतेच. मला बघून म्हणाले, "काय मग? दोन खुर्च्या आणि एक दुःख, बरोबर ना?"

तिथे माझा तोल गेला.

"खुर्च्या?" मी म्हणाले. "भाऊ, बाथटब आहे त्यात!"

मला शपथ आठवत होती, नाही असं नाही. पण नाटकात बाथटब नाहीच. मग शपथ मोडणार कशी? हे लक्षात आलं आणि माझ्या अंगात असा काही आनंद संचारला की मी बाकावर चढलेच.

"सॅम्पल फ्लॅटचं बाथरूम. पांढराशुभ्र टब. आजोबा जन्मभर मोरीत बादली घेऊन आंघोळ केलेले. आजी बाहेर कपाटं उघडून बघतायत. आजोबा इकडे बघतात, तिकडे बघतात, चपला काढून हातात घेतात आणि..." मी सिमेंटच्या बाकावर हळूहळू आडवी झाले. "कोरड्या टबात! डोळे मिटून! तेवढ्यात बाहेर आवाज. खरं गिऱ्हाईक! मोठं कुटुंब, सोन्याच्या साखळ्या. विक्रीवाली मुलगी त्यांना घेऊन थेट बाथरूमच्या दारात. आजोबा टबात. सगळे बघतायत. मुलगी घाबरलेली, पण हुशार. म्हणते, 'हा आमचा डेमो आहे. माणूस टबात कसा मावतो, ते दाखवायला.'"

बाक हादरले. वहिनी हसून हसून भाऊंच्या खांद्यावर पडल्या. "मगे? मगे काय झाला?"

मी उठले, ओढणी झटकली. "पुढचं नाही सांगणार. शपथ आहे."

शनिवारी भाऊ आणि वहिनी बोरिवलीला लेकीकडे जाणारच होते. जावयाला सांगून भाऊंनी दोन तिकिटं काढून घेतली. इमारतीतून त्या दोघांशिवाय कुणीच गेलं नाही; मलाही ऑफिसातून सुटता आलं नाही. मुलीने त्या संध्याकाळी मला फोन केला. आवाज शांत होता, फार शांत. पहिल्या सात रांगा, त्याही मधे मधे फटी असलेल्या. बाल्कनी उघडलीच नाही. निर्माता मध्यंतरातच निघून गेला होता. "आता फक्त मुलुंड," ती म्हणाली.

सोमवारी मी ऑफिसातून आले तर बाकांपाशी नेहमीपेक्षा दुप्पट माणसं. मधोमध भाऊ. हात मागे, छाती पुढे.

"ये," भाऊ म्हणाले. "बाथटब कुठाय?"

"कुठला बाथटब?"

"कुठला म्हणजे? तू इथे झोपून दाखवलास तो! दोन तास डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. टब नाही. बाथरूमच नाही. साखळ्या घातलेलं गिऱ्हाईक नाही. सगळं खोटं सांगितलंस!"

वीस डोळे माझ्याकडे. खरं सांगितलं तर अब्रू आणि नाटक, दोन्ही एका फटक्यात गेली असती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "भाऊ, तुम्हाला डुलकी लागली असेल."

असं काही बोलू नये माणसाने, हे बोलताना कळत होतं. भाऊंचा चेहरा लाल झाला.

"मला? डुलकी? नाटकाला?"

"दुसऱ्या अंकात लागते कुणाकुणाला. बोरिवलीचा प्रवास, लेकीकडचं जेवण..."

"तुझी वहिनी होती ना बाजूला! विचार तिला!"

सगळे वहिनींकडे वळले. वहिनींनी पदर सारखा केला. "ह्यांची मान मधे खाली गेलली," त्या म्हणाल्या. "माका वाटला, विचार करतत."

त्यानंतर जो हशा पिकला तो चौथ्या मजल्यापर्यंत गेला असेल.

"आणि बाथटब? तुम्ही बघितलात?" कुणीतरी वहिनींना विचारलं.

वहिनींनी माझ्याकडे एक क्षण बघितलं. त्या क्षणात त्यांना सगळं कळलं होतं, असं मला आजही वाटतं. "मी तेवां पर्समध्ये गोळी शोधी होतंय," त्या म्हणाल्या.

"ठीक आहे!" भाऊ गरजले. "रविवारी मुलुंडला पहिल्या रांगेत बसतो मी. एकटा नाही. सगळे चला माझ्याबरोबर. साक्षीदार पाहिजेत मला. टब निघाला तर मी मिशी काढतो. नाही निघाला तर ही पुन्हा या बाकावर नाटक सांगणार नाही!"

मंगळवारी सकाळी भाऊ स्वतः तिकीटखिडकीवर गेले. दारोदार हिंडून त्यांनी आमच्या इमारतीतली, बी विंगमधली आणि मागच्या सोसायटीतल्या त्यांच्या पत्त्यांच्या अड्ड्यातली माणसं गोळा केली. वीस वर्षांत माझ्या कलेने जे झालं नाही, ते भाऊंच्या रागाने पाच दिवसांत केलं. शुक्रवारपर्यंत खिडकीवरच्या खुर्च्यांच्या प्लॅनवर तळमजल्याच्या पुढच्या रांगा फुल्यांनी भरल्या होत्या.

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेव्हा दारावर बेल वाजली.

"काकू," मुलगी म्हणाली, "खिडकीवरचे काका मला विचारत होते, बाथटब कुठल्या अंकात आहे."

मी पाणी आणायला आत वळले.

"काकू!"

"तुझ्या नाटकातलं एक वाक्य तरी गेलं का माझ्या तोंडून? एक प्रसंग? शपथ पाळली मी."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती सोफ्यावर बसली. "निर्मात्याच्याही कानावर गेलंय. तो म्हणतो, लोकांना हवा असेल तर घालूया टब. मी म्हटलं, सेटच्या टेम्पोत जागा नाही." मग तिने सोफ्यावरची उशी मांडीवर ओढली. "माणसं येतील ग काकू. पण ती टबाची वाट बघत बसणार. माझा दुसरा अंक किती हळू आहे, माहितेय ना तुला? त्यात काहीच होत नाही. जे होतं ते इतकं लहान आहे की तिथे कुणी खोकलं तरी गेलं. आणि तिथेच सगळे म्हणणार, आता येईल, आता येईल. शंभर माणसं बाथटब शोधत बसली, तर माझं नाटक बघणार कोण?"

 आधी मी नाटकं सांगून बुडवत होते. या वेळी न सांगता बुडवण्याची नवी रीत काढली होती.

"जाऊन खरं सांगू का भाऊंना?"

"नको. मग ते येणारच नाहीत." ती उठली. "आता जे होईल ते."

रविवारी दुपारी मी लवकर गेले. बटाटेवड्याच्या स्टॉलपाशी आमचं सगळं पंचमंडळ जमलं होतं. भाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि मिशीला तेल लावलं होतं. मिशी जायचीच असेल तर थाटात जाऊ दे, असा बेत असावा. मुलगी कोपऱ्यात निर्मात्याशेजारी उभी होती. आत येणारा प्रत्येक माणूस ती बघत होती. तळमजला अर्ध्याच्या पुढे गेला, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं, पण हसली नाही. तिची काळजी आता वेगळी होती आणि ती मीच तिला दिली होती.

मला भाऊंच्या शेजारची खुर्ची मिळाली. म्हणजे त्यांनी ती माझ्यासाठी राखूनच ठेवली होती. "तूही इथेच बस," ते म्हणाले. "समोरासमोर होऊन जाऊ दे."

तिसरी घंटा झाली. पडदा उघडला.

पहिला अंक बरा गेला. लोक हसले, विक्रीवाल्या मुलीच्या एंट्रीला टाळी पडली. पण मधूनमधून पाठीमागे कुजबुज ऐकू यायची. "बाथरूम उजवीकडे असेल का?" "ते दार बघ, तिथेच." मध्यंतरात मी वडा घेतला आणि तसाच हातात धरून उभी राहिले.

दुसरा अंक सुरू झाला. भाऊ पुढे झुकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे ताणलेले. झोपेला जवळ फिरकू द्यायचं नाही, असा निर्धार. स्टेजवर आजी सॅम्पल फ्लॅटच्या स्वयंपाकघरात गेली. मागून कुणीतरी म्हणालं, "आता!" दुसरा म्हणाला, "थांब, आजोबा अजून बाहेर आहेत." मी डोळे मिटून घेतले. मुलगी हॉलच्या मागच्या दाराशी उभी होती, ते मला ठाऊक होतं. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

मग आजीने नळ उघडला.

यापुढे त्या प्रवेशात काय होतं ते मी सांगणार नाही. तुम्ही कितीही आग्रह केलात तरी नाही. एवढंच सांगते की कुजबुज थांबली. एकेक करत नाही, एकदम. एसीची घरघर ऐकू यायला लागली. मी डोळे उघडले तेव्हा स्टेजवर फारसं काहीच होत नव्हतं, आणि पहिल्या रांगेतले आमचे सगळे पंच, साक्षीदार, पत्त्यांचा अड्डा, माना किंचित वर करून त्या नळाकडे बघत होते. वहिनींनी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला होता.

मी भाऊंकडे बघितलं. त्यांची मान खाली गेली नव्हती. ओठ थोडे उघडे होते. हा प्रवेश संपला, दुसरा लागला, तरी ते त्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्याकडेच बघत होते, जिथे आता अंधार होता.

पडदा पडल्यावर टाळ्या जरा उशिराच सुरू झाल्या. बाथटबाचं नाव कुणी काढलं नाही. लोक उठले, चपला शोधल्या, हळू आवाजात बोलत बाहेर निघाले. भाऊ बसूनच होते. रांग रिकामी झाली तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो नळाचा प्रवेश. तो बोरिवलीला होता?"

"होता, भाऊ. वर्सोव्यापासून आहे."

"असाच्या असा?"

"असाच्या असा."

भाऊंनी मिशीवरून हात फिरवला. मग सावकाश मान हलवली. "म्हणजे मी झोपलोच होतो."

मी जे खोटं म्हणून बोलले, ते खरं निघालं होतं. माझ्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच झालं. 

"भाऊ, बाथटब..." मी सुरुवात केली.

"गप्प बस," ते म्हणाले. "कळलंय मला. टबाचं आणि तुझंही." आणि खुर्चीच्या हाताचा आधार घेत उठले.

बाहेर निर्माता कुणाशी तरी फोनवर बोलत होता, हातात डायरी. मुलगी पायरीवर बसली होती. भाऊ तिच्यापाशी थांबले. मला वाटलं, आता आमच्या वेळी नेपथ्यालाच टाळी पडायची, वगैरे. ते म्हणाले, "लिहितेस बरं. पुढचं लिहायला घेतलंस का?" आणि उत्तराची वाट न बघता वहिनींसाठी रिक्षा बघायला गेले.

तिसरी तारीख घाटकोपरची मिळाली. डायरीत लिहून झाल्यावर निर्मात्याने मला नाव विचारलं आणि विचारलं, "ते बाथटबाचं कुणी पसरवलं, माहितेय का हो तुम्हाला?" मी म्हणाले, "कल्पना नाही. लोक काहीही बोलतात."

दुसऱ्या दिवशी सोमवार. पैजेप्रमाणे मी बाकावर नाटक सांगायचं नव्हतं, म्हणून मी पंपाच्या खोलीला टेकून उभी राहिले. जे बघून आले होते ते आपापसात अगदी थोडंच बोलत होते. एकाने "तो नळ..." अशी सुरुवात केली, तर दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. त्याच वेळी पलीकडच्या टॉवरमधून फेरी मारायला येणारे तिघे-चौघे ज्येष्ठ नागरिक आमच्या फाटकातून आत आले. पाणी प्यायचं निमित्त. खरी चौकशी वेगळीच.

"काय हो भाऊ, काल सगळी वरात गेली होती म्हणे नाटकाला? नवीन आहे ना? काय आहे काय एवढं त्यात?"

सगळे भाऊंकडे बघायला लागले. भाऊंनी सावकाश माझ्याकडे बघितलं. मिशी जागच्या जागी होती. तिच्या खाली काहीतरी हललं.

"दुसऱ्या अंकात," भाऊ म्हणाले, "बाथटब आहे."

"बाथटब?"

"होय," वहिनींनी गंभीरपणे मान हलवली. "मोठो. पांढरो."